एकोणीसवर बसवलेलं स्कॅन

पंचेचाळिसाव्या वर्षी मी कंप्युटरचं लिनक्स शिकली आणि तेव्हाच्या त्या बाईला वाटायला लागलं की आता मशीन आपल्या ऐकण्यातलं. आज आजी होऊन मी तिच्याकडे पाहते, तेव्हा तिला आधी बसायला खुर्ची द्यावीशी वाटते आणि मग डोक्यात एक टपली.

खुर्ची आधी, कारण ती फार थकलेली असायची. पहाटे चौघांचे डबे, मग सौंसरहून बसनं पांढुर्णा, दिवसभर एका लहानशा स्कॅन सेंटरमध्ये कंप्युटर, आणि परत येऊन पुन्हा चूल. बसमध्ये दांडीला धरून उभ्यानं झोपायची विद्या तिला लिनक्सपेक्षा चांगली येत होती.

त्या शनिवारी रामाकोन्याची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. दुसऱ्यांच्या वावरात मजुरी करणारी. नवरा आठ दिवसांपूर्वी संत्री तोडताना झाडावरून पडला होता आणि डोकं दुखणं काही थांबत नव्हतं. स्कॅन झालं. आता सगळी चित्रं जोडून सीडी करायची, ते काम माझं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की आज संध्याकाळपर्यंत चित्रं दाखवा, मग तो आठवडाभर गावाला. म्हणजे दुपारची नागपूरची गाडी पकडणं भाग होतं. नवरा बाकावर आडवा पडलेला, बाई माझ्या टेबलाजवळ उभी.

मशीन जुनं, एकाच प्रोसेसरचं. रात्री लाइट गेली होती, म्हणून रात्रीचा बॅकअप सकाळी सुरू झालेला. तो रूटच्या नावानं, म्हणजे मशीनच्या मालकाच्या नावानं चालत होता. त्याला हात लावायचा मला अधिकार नव्हता. बॅकअप आणि माझं स्कॅन, म्हणजे चित्रं जोडायचं काम, अर्धा-अर्धा वाटा घेत होते. अर्ध्या तासाचं काम तासाभरात झालं असतं आणि गाडीही मिळाली असती. मी नुसती हातावर हात ठेवून बसली असती तरी चाललं असतं. पण शिकलेल्या बाईला बसवते का?

लिनक्समध्ये प्रत्येक कामाला एक आकडा असतो, त्याला नाइस म्हणतात. उणे वीसपासून अधिक एकोणीसपर्यंत. साधं काम शून्यावर. मुलांचे मार्क पाहून पाहून मला मोठा आकडा म्हणजे पुढचा नंबर एवढंच ठाऊक. मी ऐटीत एकोणीस टाकला. तोही एकट्या स्कॅनला नाही, माझ्या नावावरच्या सगळ्या कामांना, म्हणजे घरचं कोणी मागं राहायला नको!

आणि स्कॅन जागच्या जागी बसलं. हा आकडा मागं सरण्याचा असतो. जितका मोठा, तितकं काम दुसऱ्याला वाट देतं. आता शंभर घासांतले अठ्ठ्याण्णव बॅकअप खात होता.

घाईनं शून्य टाकलं. उत्तर आलं, परवानगी नाही. आपल्या कामाला खाली ढकलायचं तर कर्नेल, म्हणजे मशीनचा कारभारी, काही विचारत नाही. परत वर आणायचं तर रूट पाहिजे. ऐकून हसू यायला पाहिजे होतं, माझ्या घरीही हीच व्यवस्था होती. पण तेव्हा घाम आला.

रूटचा पासवर्ड आमच्या सेंटरच्या डॉक्टरसाहेबांकडे, आणि डॉक्टरसाहेब जामसांवलीला, शनिवारच्या दर्शनाच्या रांगेत. फोन वाजून वाजून बंद पडत होता.

"तुमचं मशीन झोपून राहिलं का, मॅडम?" बाईनं विचारलं.

"नाही, काम करून राहिलं."

"मंग आमी काऊन बसून राहिलो?"

मी स्कॅन बंद करून पडद्यावरच्या त्याच हुकूम टाकायच्या खिडकीतून पुन्हा सुरू केलं. पुन्हा एकोणीस. नवं काम ज्या खिडकीतून जन्मतं तिचाच आकडा घेऊन येतं, आणि ती खिडकीही मीच एकोणीसवर बसवलेली. मग शेजारच्या खिडकीत त्याचे सिस्टिम कॉल पाहत बसली. कोणत्याही कामाला स्वतःहून फाइल उघडता येत नाही, वाचता येत नाही, लिहिता येत नाही; प्रत्येक वेळी कर्नेलला हाक मारावी लागते. पडद्यावर एक हाक यायची, मग बराच वेळ काही नाही. मग एक हाक. बाकावर नवरा कण्हला.

मी बाईला खरं सांगून टाकलं, की चूक माझीच आहे, मीच तुमच्या कामाला मागं बसवलं आणि आता पुढं आणता येत नाही.

ती रागावली नाही. ते जास्त लागलं. म्हणाली, "आमच्याकडे कापूस वेचताना एखादी बाई तासावर, आपल्या ओळीत, मागं पडली ना, तर त्याच तासावर तिचा हात उचलतच नाई. मुकरदम तिले वावराबाहेर काढते, धुऱ्याच्या बांधावर पाणी पाजते, आन् नव्या तासावर पयल्यापासून लावते. तुमी त्याले तिथंच उठवून-बसवून राहिल्या."

वावराबाहेर! सगळं बंद करून लॉगआउट झाली, पुन्हा नाव आणि पासवर्ड टाकून आत आली. नवी खिडकी, शून्याची. तिथून स्कॅन सुरू केलं आणि या वेळी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

सीडी निघाली तेव्हा गाडीला वीस मिनिटं होती. ऑटोत नवऱ्याला बसवताना बाई म्हणाली, "मॅडम, तुमीबी थोडं पाणी प्या."

गाडी त्यांना मिळाली. पंधरा दिवसांनी दोघं दुसऱ्या स्कॅनला आले तेव्हा पिशवी नवऱ्याच्या हातात होती, आणि बाई त्याला चालण्यावरून बोल लावत होती.

त्या शनिवारी मात्र मी संध्याकाळी घरी पोचली, पिशवी ठेवली, तोच आतून हाक आली, "आली का? चहा टाक वो." मागोमाग दुसरी, टॉवेल कुठे आहे म्हणून. मी चपला पुन्हा पायात घातल्या, बाहेर गेली, दार ओढून घेतलं, दहापर्यंत मोजलं आणि कडी वाजवली.

"काय विसरली?" माझ्या नवऱ्यानं दार उघडलं.

"काही नाही. आत्ताच आली. चहा कोण करून राहिलं?"

शेवटी पोरगी उठली. चहा पांचट होता, साखर तळाशी बसलेली. मी बसून प्यायली. दुसऱ्या दिवशी पहाटेचे डबे मीच भरले, ते सांगायला नको.

अजूनही फार थकली की मी बाहेर जाऊन कडी वाजवते. घरच्यांना सवय झाली आहे, आतून कोणीतरी चहाचं भांडं चढवल्याचा आवाज येतो. फक्त आता गुडघे उभं राहू देत नाहीत, म्हणून दहा नाही, पाचच मोजते.