तेल गाळून देणारी जाळी

इल्देमारो आमच्या शेजारचा कोळी. त्याच्या धाकट्या मुलीची मी धर्ममाता, म्हणून तो मला कोमाद्रे म्हणतो. वीस वर्षं शेजारी राहते, पण हा माणूस असा गोंधळलेला कधी पाहिला नव्हता.

माराकाइबोच्या सरोवरावर तेलाचा थर आला की मासे धरायचं जाळं काळं, चिकट होतं. धुवायला पाणी तेच, तेलकट. त्याच्याकडे धड असं एकच जाळं उरलेलं, तेही आठवडाभर खुंटीला.

बुधवारी विद्यापीठातली योस्मारी पाण्यातलं तेल वेगळं करायला तांब्याची एक जाळी देऊन गेली. ताटाएवढी, काळपट, मलमलीसारखी बारीक.

"सेन्योर, हिच्यातून पाणी जात नाही, तेल जातं. तिरकी धरून हळूहळू ओता. शनिवारी येते. जमलं तर ही तुमची, नाहीतर पलीकडच्या वस्तीला देईन."

त्याने बादलीवर जाळी तिरकी टेकवली आणि सरोवराचं पाणी ओतलं. अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे पाण्याचे थेंब पळाले, आणि घर पाण्यातल्या खांबांवर, तेव्हा फळ्यांच्या फटीतून थेट खाली. बादलीत नुसतं तेल.

"कोमाद्रे, बघ! पोरीने फसवलं. तेल गाळून देते ही!"

"उलटी धरली असशील."

उलटी धरली. तेच.

"एवढा मोठा कोळी, आणि वीतभर जाळीत अडकला!" त्याची बायको नेल्सिदा म्हणाली.

हसत होते खरी, पण चुकतंय काय ते मलाही कळेना. कॉफी गाळतो तेव्हा हवं ते खालीच येतं ना? दोन दिवस तो ओततच राहिला.

शनिवारी त्याने तेलाची बादली योस्मारीपुढे सरकवली. "घेऊन जा. मला नाही जमत."

तिने आत डोकावलं. "जमलंय की! पाणी कुठंय?"

"कुठलं पाणी? ते गेलं वाहून."

"वाहून कुठं?"

त्याने फटीकडे बोट दाखवलं. नेल्सिदा दारातच हसत खाली बसली.

योस्मारीने जाळीच्या उतरत्या कडेखाली दुसरी बादली ठेवली आणि ओतलं. इल्देमारोने त्यातलं पाणी बोटांवर चोळलं, हुंगलं, पुन्हा चोळलं. तवंग नव्हता.

जाळी त्याच्याकडेच राहिली. लगेच जाळं खुंटीवरून उतरलं, संध्याकाळपर्यंत हातभर कोपरा स्वच्छही झाला. पण दर वेळी ओतण्याआधी तो थांबायचा आणि भिंतीपलीकडून मला विचारायचा, "कोमाद्रे, पाणी कुठल्या बादलीत म्हणाली ती?"