वर मागितलेली जुडी

नव्वदच्या दशकात विट्याच्या बाजारातली एक भाजीवाली मला प्रेमाने एक जुडी फुकट द्यायची, असं मी मुलांना सांगत आलो. ते खोटं आहे. तिच्या बोटांची पेरं कायम सुजलेली असत. सुतळीची गाठ ती दातांनी आवळायची. सूज उतरायला रोज पालेभाजी खा, असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे ती एक जुडी स्वतःसाठी बाजूला ठेवायची. हे तिनेच मला सांगितलं होतं. तरी मी नेमकी तीच वर मागायचो.

"लय चिकट बगा तुमी," ती हसायची. "न्ह्या. आमाला चटणी-भाकरी हाय की."

एकदा तिच्याने सुतळीही धरवेना. मी जुडी परत केली. "तुम्हीच खा."

"ऱ्हाऊ द्या आवं, आता सवय मोडली," म्हणत तिने ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकली.