वरचा एक रुपया

आमच्या घराण्यात लक्ष्मी कधी शून्यावर थांबली नाही. हे मी अभिमानानं सांगते, कारण माझे वडील, आबा, ते तसंच सांगत. खरं कारण एवढंच, की कोणत्याही रकमेवर एक रुपया चढवल्याशिवाय ती त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नसे. अहेर अकरा रुपये, देवळाच्या कळसाला एकवीस, बैलाची किंमत पाचशे एक. पूर्ण आकडा अशुभ असतो असं शास्त्र आहे, म्हणत. कोणतं शास्त्र, ते गावात कोणी विचारलं नाही. आबा मिलिटरीतून आलेले होते आणि त्यांना मिशा होत्या. बहुतेक शास्त्रांना एवढा आधार पुरतो.

वडूजपासून पायी दीड तासावरच्या आमच्या गावात त्यांना सगळे सुभेदार म्हणत. पेन्शनच्या पुस्तकावर हवालदार असं लिहिलं होतं. पण पुस्तक पेटीत असे आणि आबा चावडीवर.

मी सातवी पास झाले त्याच उन्हाळ्यात आईचं मिरजेला पोटाचं ऑपरेशन झालं. आमच्या शाळेत सातवीच्या पुढं वर्ग नव्हता आणि घरात माझ्याशिवाय भाकरी थापायला कोणी नव्हतं, त्यामुळे माझं शिक्षण एकाच वेळी दोन्हीकडून संपलं. वर्षभरानं आई पुन्हा चुलीपाशी बसली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "आता हिला शाळंत घाला."

मावशी सांगलीत होती. काका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, म्हणून त्यांचे सगळे सदरे कधीकाळी पांढरे होते. मावशीनं निरोप धाडला होता: पोरगी माझ्याकडं राहील, माझ्याकडं जेवील, फी तेवढी तुमी बघा.

फी महिन्याला पाच रुपये, सत्राची आणखी वेगळी. आबांनी ऐकून घेतलं.

"फी माफ हुत आसंल तर जाऊ दे," ते म्हणाले. "न्हाईतर हाय ते बरं हाय."

'हाय ते बरं हाय' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. औंधकडच्या एका घरातली माणसं दोनदा येऊन चहा पिऊन गेली होती. त्यांच्या मुलाला मी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्याकडच्या म्हशी किती ते मला पाठ झालं होतं.

फी माफ होत असे. सरकारनं नुकतीच तशी सवलत काढली होती. वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या वर नसेल, तर मुलाची फी सरकार भरणार. फक्त तलाठ्याचा दाखला हवा. छापील अर्ज मावशीनंच पाठवला होता. आबांनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. 'आर्थिकदृष्ट्या मागास' हे शब्द आले तसे ते थांबवून म्हणाले, "मागास? आमी कवा मागं सरलो?"

"त्यात लढाईचं न्हाई काय," आई म्हणाली. "फीचं हाय."

तयारी मात्र जोरात सुरू झाली. आईच्या निळ्या लुगड्याचा चांगला राहिलेला भाग कापून दोन परकर झाले. पुस्तकं मावशीच्या शेजारच्या मुलीची, अर्ध्या किमतीला, उत्तरं पेन्सिलीनं आधीच लिहिलेली. ट्रंक आबांची, पलटणीतली, काळी. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात आबांचा नंबर, नाव आणि हुद्दा होता. निघायच्या आदल्या दिवशी पाहिलं तर नंबर होता, नाव होतं, आणि हुद्द्यावर नवा काळा रंग ओला होता.

दाखल्यासाठी आबा मला बरोबर घेऊन गेले. चावडीत सात-आठ माणसं बसली होती. त्यांना काम नव्हतं, म्हणजे ती रोजचीच. तलाठी साताऱ्याचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी कागद ओढला आणि विचारलं, "उत्पन्न किती लिहू, सुभेदार?"

आबांनी सभोवार पाहिलं. सगळे ऐकत होते. मला ठाऊक आहे की घरी आकडा ठरला होता. कायद्यात बसेल तेवढा मोठा, म्हणजे बाराशे. सवलतही मिळेल आणि गावात मानही राहील, असा तो हिशोब होता. पण कागदावर चढायचा तर आकडा तोंडातून जाणार, आणि तोंडाला वळण पडलेलं.

"लिवा," आबा म्हणाले, "बाराशे एक."

मागून कोणीतरी "वा!" म्हणालं. तलाठ्यांनी क्षणभर लेखणी वर धरली, आबांकडे पाहिलं, आणि लिहिलं. शिक्का मारला. मीही त्या वेळी छाती पुढं काढून उभी होते, हे लपवण्यात अर्थ नाही. वरचा तो एक रुपया मला फार शोभिवंत वाटला होता.

एस.टी.त आईनं मला अर्ध्या तिकिटात बसवायचं ठरवलं होतं. तेरा वर्षांची मी वाकून बसले की अकराची दिसे. आबांनी कंडक्टरला पूर्ण तिकीट मागितलं. सुभेदाराची मुलगी वाकून बसत नाही. मला सांगलीत उतरवून दुसऱ्या गाडीनं ते परत गेले.

शाळेच्या कचेरीत मावशी आणि मी गेलो. टेबलामागं काळ्या टोपीतले हेडक्लार्क. त्यांनी अर्ज पाहिला, सातवीचा निकाल पाहिला, "चांगले मार्क आहेत" म्हणाले, आणि दाखला उघडला. मग चष्मा काढून पुसला आणि दाखला पुन्हा वाचला.

"हा वरचा एक कसला?"

"शुभ असतो," मी म्हणाले.

"असेल. पण मर्यादा बाराशेची आहे. सवलत मिळणार नाही."

मला आधी ते कळलंच नाही. एक रुपया म्हणजे आठवडी बाजारातल्या बांगड्या. त्यावरून कोणाची शाळा थांबत असेल हे डोक्यात शिरायला जागाच नव्हती. मी टेबलावरच्या टाचण्यांकडे पाहत राहिले. टाचण्या मला अजून आठवतात, निळ्या वाटीत होत्या. मावशीला मात्र कळलं. तिनं कनवटीला हात घातला, रुपया काढला आणि टेबलावर ठेवला.

"ह्यो घ्या. मिटवा म्हणं ते."

हेडक्लार्कांनी त्या रुपयाकडे बराच वेळ पाहिलं. "बाई, उत्पन्न कमी करायचं आहे. तुम्ही ते वाढवताय."

"मग खोडा की तो एक! तुमच्या हातात लेखणी हाय न्हवं?"

"खोडलं तर माझी नोकरी जाईल. महिनाअखेरपर्यंत नवा दाखला आणा, नाहीतर फी भरा. तोवर मुलगी वर्गात बसू दे."

माझं नाव हजेरीपटावर पेन्सिलीनं लिहिलं गेलं. बाकी सगळ्यांची शाईनं होती. चार दिवस मी वर्गात बसले आणि चारही दिवस बाई माझ्या नावापाशी आल्या की जरा थांबत. पाचव्या दिवशी, रविवारी, मावशी मला घेऊन विट्यावरून वडूजला आली आणि तिथून आम्ही चालत घरी गेलो.

आबांना धक्का बसला तो रुपयाचा नव्हता, सरकारचा. "रुपयासाठी?" ते तीनदा म्हणाले. "एवढं मोठं सरकार, रुपयासाठी अडून बसलं?" मावशीनं नवा दाखला काढायला सांगितलं, तेव्हा ते उठून उभे राहिले.

"चारचौघांत सांगितल्याला आकडा म्या माघारी घिऊ? म्या?"

"मग पोरीला माघारी घ्या," मावशी म्हणाली. "मी तिची ट्रंक घेऊन यायला मोकळी."

मला वाटलं, झालं. औंधच्या म्हशी दारात येऊन उभ्या राहिल्यासारखं वाटलं. तेवढ्यात आई चुलीपाशी बसूनच म्हणाली, अगदी सावकाश, भाकरी उलटता उलटता, "आवं, लग्नात शंभरावर एक ठेवता, तो एक कुणाचा आसतो?"

"कुणाचा म्हंजी? देवाचा."

"मग बाराशेवरचा तुमचा कसा झाला? देवाचं उत्पन्न तुमी सरकारात दावलंसा."

आबा खाली बसले. त्यांनी आईकडे असं पाहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. परेडमध्ये कोणीतरी पुढं येऊन आपल्यालाच हुकूम द्यावा, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चावडीवर गेलो. आबांनी मुद्दाम लवकरची वेळ धरली होती, पण रोजची माणसं रोजच्याच वेळी आलेली होती. आबांनी तलाठ्यांना सांगितलं, देवाचा एक रुपया चुकून धरला गेला, तेवढा काढून टाका.

तलाठी म्हणाले, "एकदा दिलेला दाखला बदलायचा तर आता मला दप्तर बघूनच लिहावं लागेल, सुभेदार. वरून विचारणा होते." त्यांनी पेन्शनचं पुस्तक मागितलं. आबांनी ते आणलंच होतं, रुमालात. तलाठ्यांनी वही उघडली आणि शक्य तितक्या हळू आवाजात वाचायला सुरुवात केली. पण चावडीत हळू आवाज फार लांब जातो.

"पेन्शन, महिना तीस. वर्षाचे तीनशे साठ. जिरायत सात एकर, बाजरी, हरभरा, धरू तीनशे. दूध आणि शेरडं, एकशे वीस." त्यांनी खाली रेघ मारली. "सातशे ऐंशी."

मी आबांकडे पाहिलं. त्यांचे हात मागं बांधलेले होते आणि मान सरळ होती, सावधानमधली. मला आजवर वाटत होतं की आमचं घर मोठं आहे. बाराशे हा आकडा सवलतीसाठी खाली ओढलेला आहे, खरं उत्पन्न त्याच्या पलीकडं कुठंतरी दडलेलं आहे, असं मी धरून चालले होते. वर्षभर भाकऱ्या थापल्या त्या बाजरीचाही हा एवढाच हिशोब होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पिठाच्या डब्यात हात घालताना आई तो आत कितपत घालते, ते आता आठवायला लागलं. तिला सातशे ऐंशी आधीपासून ठाऊक होतं. तीच रोज ते खर्च करत होती.

रोजच्या माणसांपैकी एकानं उगाच तंबाखूची चंची उघडली आणि पुन्हा बांधली.

"उत्पन्न घटल्याचं कारण लागेल," तलाठी म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता लिहिलं, 'अवर्षण'. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. आकड्याच्या जागेवर लेखणी टेकवून ते थांबले. "मग सातशे ऐंशी लिहू ना, सुभेदार?"

सुभेदार हा शब्द त्यांनी तसाच उच्चारला, पहिल्या वेळेसारखा. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आबांनी घसा साफ केला. "सातशे," ते म्हणाले, आणि थांबले. मी डोळे मिटून घेतले. "सातशे एक्क्याऐंशी."

तलाठ्यांनी लिहिलं. शिक्का मारला.

महिना संपायला दोन दिवस असताना मी आणि मावशी पुन्हा हेडक्लार्कांसमोर उभ्या होतो. त्यांनी नवा दाखला पाहिला, शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी काही विचारलं नाही. फी माफ झाली. हजेरीपटातलं माझं नाव त्यांनी स्वतः शाईनं गिरवलं. मग जुना दाखला बाहेर काढला, नव्याच्या शेजारी ठेवला, आणि दप्तरासाठी दोन्हींतला फरक कडेला पेन्सिलीनं मांडला.

बाराशे एकमधून सातशे एक्क्याऐंशी वजा केले की चारशे वीस उरतात.