आपल्याच माणसाचं बोट

आखातात, अल नस्र क्लबच्या मागे वाळूवर काथ्याची मॅट अंथरून दर शुक्रवारी सकाळी क्रिकेट व्हायचं. तिथला एक कायदा होता. बॅटिंग ज्यांची, अंपायर त्यांचाच. त्यामुळे साहजिकच कुणी आउट होत नसे. स्टंपसमोर पाय सापडला की 'बाहेरून चालला होता', कड लागली की 'पॅडचा आवाज'. त्रिफळा उडाला तेवढाच आउट, आणि तेव्हासुद्धा नो-बॉल होता का म्हणून एकदा विचारून घ्यायचे.

आमच्या, म्हणजे पप्पांच्या, कंपनीच्या टीमचे अंपायर मच्छिंद्रकाका. नगरकडचे, शटरिंगचे, म्हणजे काँक्रीटच्या साच्यांचे, सुतार. खेळता येत नव्हतं, पण उन्हात तक्रार न करता उभे राहायचे, म्हणून त्यांना नेमलेलं. साइटवर कॉलम भरण्याआधी ते एक डोळा मिटून ओळंब्याकडे बघत. दोरा केसभर हलला तरी एकच शब्द: "खोला." पप्पा सांगायचे, "खुद्द बर्नार्ड ओरडला तरी तो 'खोला'च म्हणतो."

बर्नार्ड म्हणजे वसईचे बर्नार्डअंकल. साइटचे फोरमन आणि टीमचे कॅप्टन. बोलताना छाती पुढे, अर्धं वाक्य इंग्रजीत. गावी जायच्या रजेची यादीही तेच करत.

चौऱ्याऐंशीची फायनल. समोर अल मन्सूराचे गॅरेजवाले. टॉसच्या आधी अंकल काकांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "मच्छिंद्र, लिस्टमध्ये तुझा नाव टाकलाय, मॅन. उद्या लावतो बोर्डवर. थ्री इयर्स झाले ना तुला? बेबीला बघितला पण नाय अजून?"

"न्हाई साहेब. ती फोटूलाच हात करती म्हनं."

"मग? आज जरा बघून घे हां."

काका हसले नाहीत. कॉलमकडे बघावं तसे स्टंपकडे बघत राहिले.

शेवटची जोडी, दोन रन हवेत, अंकल एकसष्टवर. चेंडू बाहेरचा. अंकलनी बॅट घातली आणि बारीकसं 'टिक' झालं. किपर कमालच्या ग्लव्ह्जमध्ये चेंडू.

"हाऊऊऊज दॅट!" कमाल गुडघ्यावर बसून किंचाळला, पण त्या ओरडण्यात जीव नव्हता. समोर अंपायर कुणाचा हे त्यालाही ठाऊक होतं. आमचे लोक आधीच हसायला लागलेले. "बॅट मॅटला लागली! यल्ला, पुढचा बॉल!"

मच्छिंद्रकाकांनी एक डोळा मिटला. मग बोट वर गेलं.

मॅच जिंकूनही गॅरेजवाले उड्या मारायचं विसरले.

"अरे, वेडा झालास काय?" संपत ड्रायव्हर धावत आला. "आपला माणूस हाय तो!"

"म्हून तर मी हितं उभाय," काका म्हणाले. "त्यांचा असता तर त्यांचा अंपायर असता."

"मॅटला लागली रे बॅट!"

"न्हाई लागली. चेंडूला लागली. म्या ऐकली."

मीही ऐकली होती. गोणीवर काठी आपटल्यासारखा मॅटचा आवाज ढब्ब येतो. हा त्यातला नव्हता. त्या मैदानावरच्या प्रत्येकाची मी नक्कल करते. अंकलची छाती, कमालची किंचाळी, संपतची तणतण, सगळं हुबेहूब. त्या बोटाची मात्र अजून जमलेली नाही. हात वर जातो, पण तसा स्थिर राहत नाही.

अंकल बॅट आपटत निघून गेले. परतीच्या पिकअपमध्ये काकांशेजारी कुणी बसलं नाही. मधे टाकलेल्या मॅटच्या गुंडाळीला एका हातानं धरून ते एकटेच बसले होते.

शनिवारी पप्पा ऑफिसातून आले ते बूट न काढताच सांगायला लागले. बोर्डवर यादी लागली होती. चौथं नाव मच्छिंद्रचं, त्यावर जाड काट. आणि खाली, सगळ्यांच्या शेवटी, त्याच अक्षरात त्याच शाईनं परत तेच नाव.

"मग काका काय म्हणाले?" मी विचारलं.

"तो? तो बोर्डसमोर उभा. बर्नार्ड मागून आला, म्हणतो, 'लागला होता, मॅन. हातात कळला मला.' तर मच्छिंद्र म्हणतो, 'ठावं हाय साहेब. तवाच तुमी मागं किपरकडं वळून बघितलंत.'"

"आणि?"

"आणि काय, बर्नार्ड कपाळाला हात लावून म्हणतो, 'जा बाबा, बेबीला बघून ये. पण शुक्रवारच्या आत ये, गॅरेजवाले म्हणतात दोन्ही एंडला अंपायर तूच पायजे.'"

"रजा तर दोन महिन्यांची असते ना?"

"तेच त्यानं सांगितलं," पप्पा म्हणाले. "म्हणाला, 'न्हाई जमायचं साहेब. दोन म्हैनं म्हंजी दोन म्हैनं.'"