भिजत घातलेली गाडी

आमच्या घरची पहिली गाडी रस्त्यावर अकरा दिवस चालली आणि तलावात पाच दिवस राहिली.

गाडी म्हणजे मागे सागाच्या फळ्यांचा हौदा असलेली जुनी पिकअप. ऐंशी सालानंतरची गोष्ट. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात तेव्हा बैलगाडी हेच मोठं वाहन. आम्ही ढिवर. तलावात मासे धरायचे, टोपलं डोक्यावर घ्यायचं आणि दोन कोस चालत सडक गाठायची. एसटीवाला थांबलाच, तर बाजार. नाही थांबला तर मासे परत घरी, आणि आठवडाभर आम्हीच आमचे गिऱ्हाईक!

माझी बायको शकुन पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी चिमूरकडे गेली. मुलगी झाली. बारसं झालं. मुलगी पालथी पडायला लागली, बसायला लागली, पण शकुन काही येईना. आणायला गेलो तर म्हणाली, "येईन ना. पण कडेवर लेकरू अन् डोक्यावर टोपलं, दोन कोस रोज मले नाई जमत. गाडी घ्या अन् गाडीनं न्याले या."

"गाडी?" माझा साळा मनोहर दारातूनच हसला. "भाऊजीच्या घरी सायकल नाई, ताई!"

झालं! मी भर अंगणात म्हणालो, "घेतो तं घेतोच!" आणि येताना एसटीत बसून माझं मलाच समजेना, की आपण हे काय बोलून बसलो.

घरी मी आणि बा, दोघंच. आई आधीच गेली होती. दोन माणसांच्या घरात किती बोलणं होणार? जेवताना बा विचारायचा, "मीठ?" मी म्हणायचो, "हाय." रात्री बा विचारायचा, "झोपला का बे?" मी म्हणायचो, "हो." संपलं! आठ महिने असे गेले. मला घर खायला उठायचं, हे आज सांगतो. तेव्हा सांगायला कोणी नव्हतं.

होतं नव्हतं ते गोळा करून शेवटी राजुऱ्याला गेलो. एका ठेकेदाराला आपली पिकअप विकायची होती. तो म्हणाला, "नीट पाहून घ्या भाऊ, मग तक्रार नको." मी अगदी बारीक नजरेनं पाहिली. हॉर्न वाजवला. आरसा पाहिला (आरशात मी पण बरा दिसत होतो). मग ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसलो आणि शकुन बसली तर तिला समोरचं दिसेल का, लेकराचं डोकं दाराला लागेल का, ऊन कुठून येईल, हे सगळं तपासलं. ठेकेदार म्हणाला, "भाऊ, गाडी इकडून चालवतात." ब्रेक, टायर, इंजिन यांच्याकडे पाहायचं राहूनच गेलं!

ठेकेदाराच्या माणसानं गाडी आणून दिली, तेव्हा ते पाहिलं गोंडपिपरीच्या लतीफभाई मिस्त्रीनं. मला गाडी चालवायलाही त्यानंच चार दिवसांत शिकवलं. गाडीखाली शिरला तो अर्धा तास बाहेरच येईना. आला तेव्हा चेहरा असा, की मला वाटलं आता हा माझं सांत्वन करणार.

"भाऊ, हँडब्रेक तो हैच नाई."

"मंग?"

"उतार पे लगाना मत. लगाई तो चाक के पीछे पत्थर. अन् रोज सुबे रेडिएटर का पानी देखो, तेल देखो."

मी रोज पाहायला लागलो. दिवसातून पाच वेळा! पाणी पाहायचं, तेल पाहायचं, चारी चाकं धुवायची आणि मग शकुनची सीट फडक्यानं पुसायची. पुसता पुसता मी तिच्याशी, म्हणजे सीटशी, बोलायचोसुद्धा. "आता शेवटचा रविवार. या रविवारी न्याले येतो." चिमूरकडे जाणाऱ्या एकाच्या हाती तसा निरोपही धाडला होता: रविवारी सकाळी सडकेवर उभी राहा, गाडी घेऊन येतो.

शनिवारी सकाळी बानं गाडीची तपासणी केली. माझा बा म्हणजे डोंग्याचा, आमच्या लाकडी होडीचा, पक्का जाणकार. पंचक्रोशीत कोणाचाही डोंगा बोटानं ठोकून तो सांगायचा, फट कुठं आहे. त्यानं गाडीचं तोंड पाहिलंच नाही. थेट हौद्यात चढला, फळ्या ठोकल्या आणि घागरभर पाणी ओतलं. पाणी खालून भळाभळा निघून गेलं.

"गयते बे हे."

"बा, ते गाडी हाय. गयू दे ना."

"गयू दे काऊन? मरळ जिती नेली तं भाव दुप्पट भेटते. हौद्यात पाणी भर, मरळ सोड, चाल बाजारात!" आणि मग आठ महिन्यांत पहिल्यांदा माझा बाप एका दमात इतकं बोलला, "उन्हानं लाकूड सुकून राह्यलं. डोंगा सुकला तं आपुन काय करतो?"

आता हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. उन्हाळ्यात डोंगा सुकतो, फळ्यांमध्ये फटी पडतात. मग तो पाण्यात बुडवून ठेवायचा. लाकूड फुगतं, फटी बुजतात. डोंग्यात पाणी येऊ नये आणि हौद्यातून पाणी जाऊ नये, गोष्ट एकच! मला तर बाच्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं, की विचार करायचं काम मी तिथंच सोडून दिलं. शिवाय बा बोलत होता. त्याला मध्येच थांबवायला जीव होईना.

म्हशी जिथून तलावात उतरतात, त्या उतारावर गाडी उलटी घेतली. बा मागं पाण्यात उभा राहून हात करत होता. "ये... ये... अजून ये..." हौद्याच्या फळ्या पाण्याखाली गेल्या तसा तो ओरडला, "बस!" मी इंजिन बंद केलं. लतीफभाईनं सांगितल्याप्रमाणं मागच्या चाकांमागं दोन मोठे दगड लावले. (मिस्त्रीचं ऐकलं नाही असं कोणी म्हणू नये!) संध्याकाळी काढायची, सकाळी चिमूर. आम्ही दोघं घरी जाऊन पोटभर जेवलो आणि आडवे झालो.

चारच्या सुमारास तलावावर गेलो. दगड गाळात उतरले होते, दगडांमागं चाकं गेली होती आणि चाकांमागं गाडी. टप आणि बोनेटचा पुढचा भाग तेवढा वर होता. आजूबाजूला सात-आठ म्हशी अशा मजेत बसल्या होत्या, जणू नवी म्हैस कळपात आली!

"बाप्पा!" मी म्हणालो.

बानं गाडीकडं पाहिलं. मग म्हणाला, "आता हौदा एक नंबर फुगते."

गाव जमलं. दोन बैलजोड्या आणल्या, दोर बांधला, सगळ्यांनी एकदम "हो!" केलं आणि गाडी निघाली. म्हणजे समोरचा बंपर निघाला. बैल बंपर घेऊन पाळीवर, काठच्या बांधावर, पोहोचले, गाडी जागच्या जागी! लोक हसून हसून दमले आणि एकेक करून घरी गेले. रविवारी गावात लग्न होतं, त्यामुळं कोणी फिरकलंच नाही.

रविवार मी एकट्यानं तलावाच्या पाळीवर काढला. आता ती सडकेवर आली असेल. आता मुलीला काजळ घातलं असेल. आता मनोहर चिडवत असेल. उन्हं चढली, उतरली. निरोप द्यायला फोन नव्हता, माणूस नव्हता. मांडीवर बंपर होता. खोटं कशाला सांगू, मी रडलो. म्हशींशिवाय कोणी पाहिलं नाही.

सोमवारी पहाटे बंपर खांद्यावर घेतला आणि एसटी धरली. गाडी घेतली होती, याला पुरावा तेवढाच उरला होता!

"हे काय हाय भाऊ?" कंडक्टरनं विचारलं.

"गाडी."

"बाकीची कुठी हाय?"

"पाण्यात."

त्यानं मला शेवटच्या सीटवर बसवलं आणि उतरेपर्यंत पुन्हा काही विचारलं नाही.

सासरवाडीला पोहोचलो तेव्हा मनोहर अंगणातच होता. "काल ताई सांजवरी सडकेवर उभी होती," तो म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. मला जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

शकुन बाहेर आली. तिनं बंपरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"गाडी घेतली?"

"घेतली."

"कुठी हाय?"

"तलावात."

"काऊन?"

"भिजू घातली."

मनोहर मटकन खाली बसला. शकुन मात्र तडक आत गेली. मला वाटलं, संपलं. आता जन्मभर मीठ हाय आणि झोपला का! पण ती बाहेर आली ती कडेवर मुलगी आणि हातात गठुडं घेऊन.

"चला. दाखवा मले."

"अवं ताई, खोटं बोलून राह्यले भाऊजी! भंगारातून उचललं असंन हे!"

"खोटं असंन तं उद्याच्या उद्या वापस येईन. मंग जन्मभर इथीच."

परतीच्या वाटेवर रात्र एसटी स्टँडवर काढावी लागली. मुलगी मला पाहून रडायची आणि बंपर पाहून हसायची. मी बंपर पुढं धरून बसलो.

मंगळवारी तलावावर पोहोचलो. टपावर एक पाणकोंबडी उभी होती. बा राखण करत पाळीवर बसला होता. सुनेला पाहून तो धडपडत उठला आणि खूप वेळ शब्द शोधून म्हणाला, "सुनबाई, हौदा मस्त फुगला असंन."

शकुन हसायला लागली. पाळीवर बसून, पदर तोंडात कोंबून हसली. बा हसला. मग मीही. मुलगी आमच्याकडं पाहून टाळ्या पिटत होती. गठुडं शकुननं बाच्या हातात दिलं आणि घराकडं चालायला लागली. मला एवढा आनंद झाला, की गाडी पाण्यात आहे हे दोन तास आठवलंच नाही.

बुधवारी दुसऱ्या गावचा ट्रॅक्टर आणून गाडी काढली. बाचं खरं ठरलं: हौद्यातून एक थेंब गळत नव्हता. इंजिनातूनही गळत नव्हता, सगळं पाणी आतच होतं! लतीफभाई तिच्याकडं पाहून नुसता टोपी काढून उभा राहिला.

त्याच दिवशी शेजारच्या बाया शकुनला भेटायला आल्या. मी दाराआड कान लावून उभा. (हो, मी तसा माणूस आहे.) एकीनं विचारलं, "काऊन वं शकुन, गाडी तं गेली. मंग कायले राह्यली?" आता ही काहीतरी गोड बोलणार!

"गाडीचं काय घेऊन बसली माय," शकुन म्हणाली. "या दोघाले एकटं ठेवलं तं उद्या घर भिजू घालतीन!"

बाया खो खो हसल्या. मला राग आला. तरातरा अंगणात जाऊन उभा राहिलो आणि घराकडं वर पाहिलं. छपराचं लाकूड उन्हानं खरंच फार सुकलं होतं.