पाच अक्षरांचा साबरमाळ

साबरआत्याला कुणी ‘सरका’ म्हटलं की ती हटकून तिथंच बसायची. एकदा एका पुढाऱ्याच्या गाडीनं मागून हॉर्न वाजवला, तर शेळ्यांसकट रस्त्याच्या मधोमध बसली. “आमी आधी आलाव, तुमी मागून,” म्हणाली. पुढारी उतरून चालत गेला.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. धारूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीची. गावाबाहेरच्या माळावर शेळ्या राखायची. माळभर साबरकांड, म्हणजे अंगभर काटे असलेला आणि मोडला की पांढरा चीक गाळणारा रानटी निवडुंग. त्यावरूनच तिचं नाव पडलं, आणि थोडं स्वभावावरूनही.

कॉलेजात असताना हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, मला साबरकांडाची फांदी हवी होती. मी विळा उगारला तशी ती ओरडली, “वाऱ्याच्या तोंडाला काहून उभी ऱ्हायलीस? चीक डोळ्यात गेला म्हंजी?” मला ढकलून तिनंच फांदी तोडली, चिकावर माती दाबली. मग माझ्या वहीकडं बघून म्हणाली, “काय लिवलंस?”

मी वाचून दाखवलं. ठिकाण : धारूरजवळची पडीक जमीन.

“पडीक? मंग माझ्या शेळ्या काय वारा खात्यात व्हय?”

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी तिनं ते खोडायला लावलं, ‘साबरमाळ’ लिहवून घेतलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून मोजलं. पाच. पडीकची तीन. “आता मला कुणी फसवू शकत न्हाई,” म्हणाली. मला लाज वाटली. त्याच माळावर मी लहानाची मोठी झाले होते.

फांदी कागदांत दाबून ठेवली. पंधरवड्यानं उघडलं तर तिला कोवळं पान फुटलेलं! सर म्हणाले, उकळत्या पाण्यात बुडव, त्याशिवाय ही मरायची नाही. आत्याला सांगितलं तर ती पोट धरून हसली. “नुसतं दाबल्यानं मरतंय व्हय ते!”

पुढं माळावर सोलरचे पॅनल बसवायचं ठरलं. मोजणीवाल्यांनी पंचनामा लिहिला आणि आत्याकडं अंगठा मागितला. “आधी माळाचं नाव दावा,” ती म्हणाली. दाखवल्या जागी बोट ठेवून तिनं मोजलं. तीनच अक्षरं. ती तिथंच बसली. “पाच लिवा, मंग अंगठा.” दिवसभर हलली नाही. शेवटी ते अंगठ्याशिवाय परतले.

माळ मात्र गेलाच. साबरकांडं उपटली, पॅनल बसले, आणि पुढच्या उन्हाळ्यात आत्याही गेली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. परवा तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाटातली, ती फांदी चिकटवून ठिकाण लिहिलेली माझी जुनी शीट बघितली. “मॅडम, साबरमाळ नावाचं ठिकाण सरकारी नोंदीत नाही. पडीक लिहायला हवं.” त्यांनी खिशातून पेन काढलं. “सरका जरा, मीच दुरुस्त करतो.”

मी शीट मांडीवर घेतली आणि कपाटासमोर फरशीवरच बसले.

“पाच अक्षरं हायेत, साहेब,” मी म्हटलं. “मोजा.”