शाळेची बस जिथवर यायची

आखातातल्या मआमीर गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांनाही तेलाचा उग्र दर्प यायचा, आणि संध्याकाळी कारखान्यांच्या धुरांड्यांवरच्या ज्वाळांनी अंगणातल्या खजुराची सावली तांबूस होऊन भिंतीवर थरथरत राहायची... सत्तरचं दशक सरत आलं होतं. बाबा तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. दुपारी जेवायला आले, की त्यांच्या आधी तापलेल्या लोखंडाचा वास घरात शिरे.

मी शाळेच्या वयाची झाले, तशी थंडी ओसरताना बाबा मला मनामा शहरातल्या एका भारतीय शाळेत घेऊन गेले. कारकुनाने पत्ता विचारला आणि मान हलवली.

"मआमीर तक बस नहीं जाती. बस की हद के बाहर के बच्चे हम नहीं लेते. पहले इधर शहर में, झिंज में घर देखो."

त्या रात्री जेवणं झाल्यावर पडद्याआडून मी सगळं ऐकत होते.

"मग घ्या ना झिंजला घर," आई म्हणाली.

"माझी शिफ्ट पहाटे लागते. तिकडून इकडे यायला गाडी कुठाय? तुम्ही दोघी तिकडे राहा, मी कामगारांच्या कॅम्पात राहीन. शुक्रवारची सुट्टी असते, गुरुवारी येत जाईन."

"ह्यासाठी समुद्र ओलांडून आले का मी?"

"नाहीतर पोरीला गुहागरला तुझ्या भावाकडे ठेवावं लागेल. बघ... तू सांग."

मामाच्या घरी एकटीच उभी असलेली मी मला दिसत होते. पहाटे आईने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "झिंजला जायचं हां आपण."

झिंजची जागा एका छोट्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, वर होती. शाळेची बस अगदी दारात येई. पण अंधार पडला, की आई दाराला आतून खुर्ची लावी, जिन्यात पाऊल वाजलं की माझा हात घट्ट धरी, आणि पावलं वर निघून गेली तरी सोडत नसे... पुढे धाकटा भाऊ झाला. तो बोलू लागला, तेव्हा एकदा बाबा सुट्टी मिळाली म्हणून मधल्याच वारी आले. त्याने दार उघडलं आणि आत ओरडला, "आई, आज गुरुवार नाय, मग बाबा कशे आले?" आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले, पण हातातली पिशवी त्यांनी कितीतरी वेळ खाली ठेवली नाही.

बाबांना शहरात काम मिळालं, तोवर ऐंशीचं दशक उलटत आलं होतं आणि माझी शाळा संपत आली होती. आज बाबा नाहीत. माझी लेक तिच्या मुलासाठी शाळेजवळ जागा शोधते आहे. फोनवर ती अंतरं सांगू लागली, की मला बाबा कायमचे घरी आले त्यानंतरची पहिली सकाळ आठवते. आईला उठवायचं नाही म्हणून ते स्वतःच चहा करायला उभे होते. सगळी फडताळं उघडी पडली होती. मला पाहून ते ओशाळले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"बाय, ह्या घरात साखर कुठं ठेवतात गो?"